सारवलेली पाठ

तीसेक वर्षं मी लोणावळ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवली आणि त्या सगळ्या काळात माझ्या हातून सर्वात जास्त काही झिजलं असेल, तर ती खोडरबरं. मुलांची नव्हेत, माझी. वर्गात फिरताना मला राहवायचंच नाही. कुणाच्या घराचं छप्पर कललेलं, कुणाची गाय घोड्याच्या वळणावर गेलेली, की लगेच पोराच्या हातातली पेन्सिल घ्यायची, खोडायचं आणि "हे असं" म्हणून नीट काढून द्यायचं. पालक खूश, परीक्षक खूश, आणि मी तर स्वतःवर बेहद्द खूश.

निवृत्त झाले तरी सवय सुटली नाही. भाजीवालीनं टोमॅटो रचलेले दिसले तरी मनातल्या मनात शंभरपैकी मार्क देऊन मोकळी. रचना बरी, रंगसंगती ठीक, बासष्ट.

अशात आमच्या घराजवळच्या सभागृहात बायकांनी केलेल्या चित्रांचं आणि शिल्पांचं तीन दिवसांचं प्रदर्शन भरलं. खरं सांगते, कलेच्या ओढीनं वगैरे गेले नाही. घराजवळ होतं, दुपार रिकामी होती आणि दारात चहा ठेवला होता. आत शिरले आणि कपाळावर आठ्या घालून मार्क द्यायला सुरुवात केली.

एक मोठं चित्र पवनानगरला राहणाऱ्या एका बाईंचं होतं. मे महिन्यातलं धरण. जवळजवळ सगळा कॅनव्हास म्हणजे नुसती तपकिरी, उघडी पडलेली जमीन, आणि वरच्या कडेला पाण्याची बोटभर पट्टी. काठावर कॅम्पवाल्यांची एक लाल प्लास्टिकची खुर्ची, पाण्याकडे तोंड करून. धरण काढायचं आणि त्यात पाणीच नाही म्हणजे काय? बावन्न दिले आणि पुढे सरकले.

पुढे मे महिन्यात एका बारशाला जीपनं पवनानगरला गेले. वळणावर धरण दिसलं आणि मी चालत्या जीपमध्ये अर्धी उठून उभी राहिले. तीच जमीन. तोच विटकरीवर झुकणारा तपकिरी, कडेला तीच पांढुरकी रेघ, जिथवर पाणी होतं आणि आता नव्हतं. मी ते धरण पन्नास वेळा पाहिलं असेल, पण दरवेळी पाणीच पाहिलं, कारण धरण म्हणजे पाणी हे डोक्यात पक्कं. त्या बाईंनी जे होतं ते पाहिलं होतं. बावन्न मार्क माझ्याच घशात अडकले. शेजारची मावशी म्हणाली, "बसा की वो, पडाल." मी बसले. बारशाचे पेढे खातानाही ती लाल खुर्ची डोळ्यांपुढून हलेना.

त्याच प्रदर्शनात माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली होती. वाकून पाया पडली, मी ओळखलंच नाही. मग तिनं गाव सांगितलं, भाजे. मळवलीहून गाडीनं शाळेत यायची, मागच्या बाकावर बसायची, फारसं बोलायची नाही. आता पुण्यात कला शिकून परत गावी आली होती आणि शिल्पं करत होती. इथल्या एका रिसॉर्टमध्ये शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना मातीची भांडी शिकवण्याचं काम होतं, तेही सोडलेलं. "एक मोठं काम करतेय, बाई," ती म्हणाली. "बघायला याल?"

शिल्प म्हणजे गणपती किंवा महाराजांचा पुतळा, यापलीकडे माझी कल्पना जात नव्हती. तरी गेले.

भाज्यात त्यांच्या घराला लागून भाताची जुनी गिरणी आहे, कधीची बंद पडलेली. पत्र्याचं छप्पर, कोपऱ्यात अजून तुसाचा वास. त्या गिरणीत बांबूच्या कामट्यांचा एक भला थोरला सांगाडा उभा होता. उभा तरी कसा, वाकलेला. दोन माणसांएवढी बाई भातलावणी करताना कंबरेत वाकली आहे, डावा पाय जरा मागे आहे. मागून बघितलं तर नुसती पाठच पाठ. पुढे गेलं तरी चेहरा नाही, डोकं खाली. आणि हात. एकेक बोट मुसळाएवढं, तळवे सुपाएवढे, पार खालच्या चिखलात रुतलेले.

ते हात पाहिले आणि मला आठवलं.

आठवीचा वर्ग, स्मरणचित्र, विषय शेतात काम करणारी बाई. या मुलीनं चेहऱ्याच्या दुप्पट हात काढले होते. मी नेहमीसारखं रबर घेतलं, दोन्ही हात खोडले आणि शिकवलं, हनुवटीपासून कपाळापर्यंत जेवढा चेहरा, तेवढा हाताचा पंजा, लक्षात ठेव. छान प्रमाणशीर, नाजूक हात काढून दिले. तिनं कागदावरचा रबराचा चुरा फुंकून टाकला आणि रंगवायला लागली.

आता हे सांगाड्याचे हात मला उद्देशून होते की काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही. "मोठं आहे," एवढंच म्हटलं. ती हसली आणि बसायला खुर्ची दिली.

मग मी दर गुरुवारी जायला लागले. गुरुवारी आमच्याकडे हमखास वीज जाते, घरी पंख्याखाली बसायची सोय नसते, म्हणून गुरुवार. निमित्त विजेचं, पण खरं तर मला तिचं काम बघायचं व्यसन लागलं होतं. आपल्याकडे पूर्वी घरांच्या कुडाच्या भिंती करत, कामट्यांवर माती, भाताचा पेंढा आणि शेण कालवून थापत, तसंच ती करत होती. भट्टी नाही, साचा नाही. पायानं माती तुडवायची, चिमटीत घेऊन बघायची, नको वाटली तर तासाभराची मेहनत बाजूला सारून पुन्हा तुडवायची. थापून झालं की बोटाच्या पेरानं टकटक करून कान लावायची. कुठं पोकळ राहिलंय ते तिला आवाजावरून कळे. मी आयुष्यभर चित्रकला शिकवली, पण हातातल्या वस्तूचं इतकं ऐकून घेणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. मला हेवा वाटला आणि अभिमानही वाटला, आणि त्या अभिमानावर आपला काडीचा हक्क नाही हेही कळत होतं.

मार्चच्या अखेरीस पाठ थापून झाली. मग तिनं काम थांबवलं. आठवडे गेले, ती फक्त बघत बसायची. माती वाळत गेली तशा पाठीवर भेगा पडायला लागल्या. आधी केसासारख्या, मग बोट जाईल अशा. मी घाबरून म्हटलं, "अगं, तडकतंय हे."

"तडकू दे, बाई. भेगा मी पाडत नाही, मातीच पाडते. मी फक्त कुठं पेंढा कमी घालायचा तेवढं ठरवलं."

मे उजाडला तेव्हा ती पाठ अशी झाली होती की तिच्यापुढे आवाज चढवून बोलवत नसे. कंबरेपासून उजव्या खांद्यापर्यंत एकच लांब भेग गेली होती आणि तिला दोन्हीकडून बारक्या येऊन मिळत होत्या. उन्हाळ्यातलं भाताचं खाचर जसं फुटतं, अगदी तसं. शेत आणि बाई वेगळी काढताच येत नव्हती. मी मार्क द्यायचे विसरले, हे घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं.

तिनं फोटो पुण्याला पाठवले. तिकडे एक मोठं प्रदर्शन होणार होतं, आत्ता काम करणाऱ्या चित्रकार आणि शिल्पकार बायकांचं. फोटो आवडले आणि निरोप आला, रविवारी अकरा वाजता तिघीजणी शिल्प प्रत्यक्ष बघायला येतील, बघून ठरवतील. तिनं नोकरी सोडून जे काही केलं होतं ते सगळं या पाठीवर होतं. घेतली तर पुढचा रस्ता मोकळा, नाही तर पुन्हा रिसॉर्टमध्ये पाहुण्यांच्या पोरांचे चिखलाचे हात धुवत बसायचं.

रविवारी मी सकाळी नऊलाच पोचले. झाडलोट करू, चार खुर्च्या पुसू, असा विचार. मुलगी खाण्याचं सामान आणायला कामशेतला गेली होती. गिरणीचं दार उघडं होतं आणि आतून ताज्या शेणाचा वास येत होता.

आत तिची आई स्टुलावर उभी होती. पदर खोचलेला, खाली बादली, कोपरापर्यंत हात भरलेले. पाठ सगळी सारवून झाली होती. एक भेग उरली नव्हती. कंबरेपासून मानेपर्यंत गुळगुळीत, ओली, हिरवट, आणि त्यावर बोटांच्या अर्धगोल ओळी उठलेल्या, अंगणात उठतात तशा.

"या बाई," ती म्हणाली. "झालंच बगा. येवढा खांदा ऱ्हायलाय."

माझं तोंडच सुटलं. "काय केलंत हे? चार महिन्यांचं काम आहे पोरीचं. विचारायचं तरी होतं."

ती खाली उतरली. तिला माझा राग कळेचना. "आवं, भेगा पडल्या व्हत्या किती. पोरीला येळ न्हाई मिळाला, म्हनलं आपुन उरकून टाकावं. पाव्हनं यायचं आन् भिताडाला भेगा ठेवायच्या व्हय? भेगंत इंचू शिरत्यात."

"भिंत नाही हो ही."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. बादलीत हात बुचकळून ती बोटं धुवायला लागली. "माजीच पाठ हाय ती. पोरीनं सांगितलं न्हाई, पर मला कळना व्हय? डावा पाय मागं टाकून मीच वाकती. गुडघा दुखतो तवापासनं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी सांगा बाई, तुमची पाठ आशी फाटकी-तुटकी परक्या मान्सांम्होरं मांडली आसती, तर तुमाला चाललं आसतं?"

मी उगाच स्टूल उचलून भिंतीशी नेलं.

तेवढ्यात मुलगी आली. हातातल्या पिशव्या तिनं दारातच ठेवल्या. शिल्पाभोवती एक चक्कर मारली, ओल्या सारवणाला एक बोट लावलं, बोटाकडे पाहिलं आणि तुसाच्या पोत्यावर बसली. आईचा चेहरा आता कुठे उतरला. "चुकलं का गं माजं?" ती हळू म्हणाली. मुलीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती ते पुसतही नव्हती.

काहीतरी करायला हवं म्हणून मी कोपऱ्यातलं फडकं ओलं केलं. "अजून ओलं आहे," मी म्हटलं. "आपण हळूहळू पुसून काढू. खालच्या भेगा निघतील."

"नको, बाई. पुसू नका."

आवाज मोठा नव्हता, पण मी फडकं हातात घेऊन जागच्या जागी उभी राहिले. आठवीच्या वर्गात तिला हेच म्हणायचं होतं आणि म्हणता आलं नव्हतं, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. आईवर ओरडणारी मी कोण होते? तिनं निदान प्रेमापोटी सारवलं होतं. मी तर नियमापोटी खोडलं होतं.

मग मुलगी उठली, शिल्पाच्या पुढे जाऊन उकिडवी बसली. हात तसेच होते. मुसळाएवढी बोटं, त्यांना पडलेल्या भेगा, चिखल. आईनं तिथं शेणाचा थेंब लावला नव्हता.

"आई, हात का गं नाय सारवलं?"

"हाताला काय सारवायचं?" आई म्हणाली. "हात आसंच आसत्यात."

पाहुण्या अकराला येणार होत्या त्या साडेबाराला आल्या. रविवार, पाऊस नसतानाही हायवेच्या फाट्यावर गाड्यांची रांग. दीड तासात मी त्या मुलीच्या कानाशी लागून सांगितलं, "म्हण की आधीपासून असंच ठरवलं होतं. पाठ आईनं सारवायची, असाच कामाचा विचार होता. तसं म्हटलेलं चालतं हल्ली." मी, जिनं एका मार्काची फिरवाफिरव कधी केली नाही, ती हे सांगत होते. ती ऐकत ऐकत खुर्च्या मांडत राहिली.

तिघींपैकी वयानं मोठी बाई स्वतः शिल्पकार होती. ती हातांपाशी बसली ती उठेचना. बाकीच्या दोघी मोबाइलवरचे फोटो आणि समोरची पाठ ताडून बघत होत्या. एकीनं विचारलं, "फोटोतली पाठ हीच ना?"

"हीच," मुलगी म्हणाली. "आज सकाळी आईनं सारवली. तिला भेगा दाखवायच्या नव्हत्या."

मी तिच्याकडे बघतच राहिले. चार महिन्यांची मेहनत समोर उभी, नशिबाचा निकाल लागायचा होता, आणि या पोरीनं ना आईला खाली पाहायला लावलं, ना स्वतःच्या कामाला खोटं लेबल चिकटवलं. आईनं पोहे आणले. पाहुण्यांना आग्रह केला. जाताना तिनं मोठ्या बाईंना विचारलं, "बरी झालीय ना?" आणि त्या बाई म्हणाल्या, "फार चांगली झाली आहे." खोटं बोलत नव्हत्या असं मला तरी वाटलं.

आठ दिवसांनी नकार आला. त्यांना फोटोतलं काम हवं होतं, आता ते वेगळं झालंय, पुढच्या वेळी जरूर बघू, असं सभ्य भाषेत. मोठ्या बाईंचं मत वेगळं होतं म्हणे, पण एक विरुद्ध दोन. गुरुवारी मी गेले तेव्हा मुलीनं मला हे माती तुडवता तुडवता सांगितलं. आईला तिनं सांगितलं होतं की शिल्प टेम्पोत मावत नव्हतं. मला नकार देणाऱ्या त्या दोघींचा राग आला, तो अजून गेलेला नाही. मुलीला आला नव्हता. ती शनिवार-रविवारी रिसॉर्टमध्ये जायला लागली आणि उरलेल्या दिवसांत दुसरं काम सुरू केलं.

पाठ गिरणीतच राहिली. गावातल्या बाया येता-जाता डोकावायच्या. मी गुरुवारी खुर्चीवर बसून त्यांना बघायचे. शहाण्यासारखं लांब उभं राहून कुणी बघत नसे. सरळ जवळ जायच्या, पाठीवरच्या बोटांच्या ओळींवरून हात फिरवायच्या, "सारवण झ्याक बसलंय" म्हणायच्या. मग पुढे येऊन त्या मातीच्या पंजावर स्वतःचा पंजा ठेवून बघायच्या. जवळजवळ सगळ्याच. एकीनं ठेवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. इतक्या प्रदर्शनांच्या दारातला चहा मी प्यायले, पण कलाकृती बघावी कशी ते मला तिथं कळलं.

भात कापणीच्या दिवसांत एकदा गेले तर आई गिरणीच्या दारात पेंढ्या बांधत बसली होती. मुलगी आत होती. आईनं मला जवळ बसवलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, तुमी खोटं न्हाई बोलायच्या. माज्यामुळं न्हाई ना ऱ्हायली ती हितं?"

"छे हो," मी म्हटलं. "टेम्पो लहान पडला. मी होते की."

ती सुस्कारा टाकून पुन्हा पेंढ्यांना लागली. "मंग आता बारकी कर म्हनावं जरा."

आत गेले तर मुलगी गालातल्या गालात हसत होती. "बाई, तुम्ही चक्क खोटं बोललात."

"हो," मी म्हटलं. आणि इतक्या महिन्यांत जे विचारायचं होतं ते तिथंच विचारून टाकलं. "आठवीतलं ते चित्र आठवतं तुला? मी हात खोडले होते."

ती फळीवरून एक जुनी फाइल घेऊन आली. त्यात तो कागद होता, कडा पिवळ्या पडलेल्या. हिरव्या शेतात वाकलेली बाई, डावा पाय मागे. आणि तिच्या त्या रांगड्या अंगाला लावलेले माझे नाजूक, प्रमाणशीर हात. कुणा दुसऱ्याच बाईचे. त्यांच्याभोवती रबरानं खरवडलेला कागद अजून खरबरीत लागत होता, आणि उजेडाकडे धरल्यावर तिनं पेन्सिल दाबून काढलेल्या मोठ्या बोटांचे वळ दिसत होते.

"यातले हात तुमचे आहेत, बाई," ती म्हणाली. "बाकीची आई माझी."

"दे इकडे," मी म्हटलं. "माझे खोडून देते. वळ आहेत अजून, त्यावरून तुझे परत काढता येतील."

तिनं कागद माझ्या हातातून अलगद काढून घेतला आणि फाइलमध्ये ठेवला.

"राहू द्या," ती म्हणाली. "पुसायचं नाही. चला, माती तुडवायला लागा, आज माझ्या एकटीच्यानं होणार नाही."

मी साडी खोचली आणि मातीत उतरले.